उत्तराची वाट पाहणारे मास्तर

आमच्या वेळच्या भिलाईत अजिबात घाई नसलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका शाळामास्तर होता. बाकी सगळं गाव धावत होतं. काल धानाचं शेत होतं तिथे आज पाया खणलेला, उद्या क्वार्टरांची ओळ, परवा त्यांत चुली पेटलेल्या. अशा गावात हे गृहस्थ मुलाला एक प्रश्न विचारून उत्तरासाठी दोन-दोन दिवस थांबत. एका पोराने आठवडा लावला, तेव्हा मास्तर खूश होऊन म्हणाले, "लवकर सुचलं जी तुमाले!"

ते वर्ध्याकडचे. एकटेच. पोलाद प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारे ट्रेसर म्हणून आले आणि वर्षभरात पक्की नोकरी सोडून, सेक्टरच्या टोकाला ठेकेदाराने टाकून दिलेल्या शेडमध्ये शाळा काढून बसले. रशियाहून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या, त्याच भिंती. घंटा नाही, छडी नाही, परीक्षा नाही. सहा वर्षांच्या शेंबड्या पोरालाही ते "अहो" म्हणत. वर्गात कोणी झोपलं, तर बाकीच्यांना चपला हातात घ्यायला लावून सगळा वर्ग पावलं न वाजवता बाहेर कडुलिंबाखाली नेत. झोपलेलं पोर उठून बाहेर आलं, की "या, बसा. झोप झाली ना?" असं पाहुण्यासारखं स्वागत. आमच्या ओळीतले लोक कपाळाला हात लावायचे.

आमची शकू तेव्हा सात वर्षांची. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आल्यावर तिला मोठ्या शाळेत घातलं. तिथे हिंदी येत नाही म्हणून रोज उभं केलं, आणि पोर बोलायचीच बंद झाली. घरातसुद्धा. तिची आई मला म्हणाली, "मारत नाही असं एक तरी ठिकाण पाहा ना जी." म्हणून मी मास्तरांकडे गेलो. तिथे प्रवेशपरीक्षा होती, पण बापाची. मला बसकरावर बसवून त्यांनी विचारलं, "तुमच्या पोरीले काय आवडते?"

मी म्हणालो, "अभ्यास."

"पाहून या जी," ते म्हणाले, आणि उठून फळा पुसायला लागले.

दुसऱ्या खेपेला मी बेसनाचा लाडू सांगितला. पुन्हा नापास. शेवटी एका रविवारी मी शकूच्या मागे मागे फिरलो. ती पोर दोन तास गवंड्यांजवळ उभी राहून ओळंबा पाहत होती. दोरीला लोंबणारं ते वजन थरथरून स्थिर झालं, की तिचा श्वास सुटायचा. आपली मुलगी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "पास झाले जी तुमी!" नोकरीत मला एवढा आनंद कधी झाला नाही.

दोन महिने शकू तिथेही गप्प होती. मास्तरांनी तिला एकदाही बोल म्हटलं नाही. मग एक दिवस घरी येऊन तिने आईला विचारलं, "आई, भिंत पडत काऊन नाही?" तिच्या आईने पदर डोळ्याला लावला.

त्यानंतर ती थांबेचना. मास्तरांनी मुलांना मोजमापाला लावलं होतं. गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन पोट्टे सेक्टरभर फिरत. कडुलिंब, सायकली, म्हशी, काही सोडत नसत. त्यातच आमच्या ऑफिसचे बडे बाबू रस्त्याने चालले होते. शकूने त्यांना नम्रपणे थांबवलं, पोटाला दोरी गुंडाळली, गाठी मोजल्या आणि भर रस्त्यात जाहीर केलं, "आमच्या रांजणाएवढं भरलं!" बडे बाबू तिथे हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र सगळ्यांसमोर मला म्हणाले, "वाह भाई, आपकी बिटिया तो दर्ज़ी बनेगी!" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. आणि त्या आठवड्यात मास्तरांच्या शाळेतून शकूचं नाव काढलं. तिची आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

मोठ्या शाळेला निकालपत्र हवं होतं. मी मागितलं, तर मास्तरांनी एक बंद लिफाफा दिला. वर 'सौजन्यमूर्ती शकूताई यांस' असं लिहिलेलं. "हे तिचं आहे. तिलेच द्या." मी वाटेतच फोडला. ना गुण, ना इयत्ता. आत एवढंच: 'आपण दोन महिने बोलला नाहीत, तेव्हा बराच विचार करत होता असे वाटते. भिंत का पडत नाही, हे मलाही पुरते ठाऊक नाही. आपल्याला कळले की कळवावे. वाट पाहतो.'

मी आवक-जावकचा क्लार्क. हातात आलेला प्रत्येक कागद नोंदून ज्याचा त्याला पोचवायचा, हेच माझं काम. जन्मात एकच पत्र मी पोचवलं नाही. ते ट्रंकेत टाकलं आणि ओळीत सांगितलं, "मास्तर निकाल देत नाही. शिकवलंच नाही तर देईल काय?" आमच्याकडची शेतकरी घरची माणसं, प्लांटात अवजड सामान हलवणारे खलाशी, फिटर; त्यांचे सगळे कागद मीच वाचून दाखवायचो. माझा शब्द त्यांना छापील वाटे. एकेक करून त्यांनी पोरं काढली. हिवाळ्यापर्यंत तिथे तिघंच उरली, उन्हाळ्यात तीही नाहीत.

ऑफिसला जाताना सायकलवरून शेड दिसायची. मास्तर रोज सडा घालून सगळी बसकरं अंथरायचे, एकूण एक, आणि समोर बसून राहायचे. मला पाहिलं की उठून रस्त्यावर येत. तक्रार नाही, टोमणा नाही. फक्त विचारत, "शकूताईंचं उत्तर आलं का जी?"

"अजून नाही," मी म्हणे.

"राहू द्या. घाई नाही."

पुढे ती शेड प्लांटच्या स्टोअरने सामान ठेवायला घेतली. मास्तर जवळच्या उतई गावाकडे गेले असं कोणी म्हणे, कोणी म्हणे वर्ध्याला परतले. मी चौकशी केली नाही. शकू मोठ्या शाळेत नीट शिकली, अक्षर सुंदर आलं. पण प्रश्न विचारणं तिने सोडलं ते सोडलंच. माझ्या ओळीत आता माझ्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नाही. तिची आई गेल्यापासून घरातही नाही. सकाळी मी दारात खुर्ची टाकून बसतो, आणि मास्तर त्या बसकरांसमोर कसे बसत असतील ते मला आता कळतं.

गेल्या दिवाळीला शकू रायपूरहून आली. आता तीही आजी झाली आहे. तिला ते पत्र दिलं आणि सगळं सांगितलं. ती रागवेल म्हणून मी तयार होतो. तिने दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, याचं उत्तर मले येते. पत्ता सांगा."

हजारो लिफाफ्यांवर मी पत्ते लिहिले. हा एक मला ठाऊक नव्हता.

तरीही तिने उत्तर लिहिलं. लिफाफा माझ्यापाशीच आहे. वर नुसतं 'मास्तर' असं लिहिलेलं. मी तो फोडलेला नाही.