कपाटावरच्या तीन ओळी

माझं लोखंडी कपाट नांदेडच्या सासरहून लातूरला टेम्पोत आडवं पडून आलं, तेव्हा त्याच्या दारावर लग्नातली अक्षरं जशीच्या तशी होती. वर लाल रंगात 'मंगल परिणय'. खाली पहिल्या ओळीत नवऱ्याचं नाव, दुसरीत माझं, आणि तिसरीत 'मामाकडून सप्रेम भेट'. आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं कोरतात आणि कपाटावर पेंटरकडून लिहून घेतात. मंडपात ते अशा जागी उभं करतात की जेवणाऱ्याला वाचल्याशिवाय घास गिळता येऊ नये.

सासर सोडून मला वर्ष होत आलं होतं. लातूरला एका शिकवणीच्या ऑफिसात मी नोकरी करत होते आणि गच्चीवरची एक खोली भाड्याने घेतली होती. हमालांनी कपाट जिन्यावरून कसंबसं वर आणलं. रंग देऊनच आत घेईन म्हणून मी ते दाराबाहेर पत्र्याच्या छपराखाली ठेवायला सांगितलं. एका हमालाने घाम पुसत तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि विचारलं, "साहेब कवा येणार हायत?"

मी पेंटरला बोलावलं. त्यानेही आधी वाचलंच. म्हणाला, "नावं हायत ताई यावर. घरधन्याला इचारून सांगा, मग येतो."

"घरधनी मीच आहे," मी म्हटलं. तो हसला, उद्या येतो म्हणाला आणि आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच उघडा ठेवून, मी मोबाइलवर रंगाची स्प्रे गन मागवली. यादीतली सगळ्यात स्वस्त. प्लॅस्टिकची, खाली रंगाचा डबा, वर मोटर, मागे वायर. माझा राग असाच असतो. मी कुणाशी भांडत नाही. काहीतरी विकत आणते आणि ते काम स्वतः करते.

पार्सल यायच्या आधी मामांचा फोन आला. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर शाळेच्या दप्तरापासून लग्नाच्या साडीपर्यंत सगळं मामांनी बघितलं. त्यांच्या शब्दापुढे मी कधी गेले नव्हते. मामा म्हणाले, "रविवारी तिकडची दोन मोठी माणसं घेऊन येतो. बसून बोलू. लई ताणू नको माय. चार खुर्च्या मागून ठेव कुणाकडून. अन् त्या कपाटाला हात लावू नको. ते परत न्यायचं हाय."

मला मामांची भीती नव्हती, माझी होती. समोर खुर्चीत बसून मामा "चल" म्हणाले असते तर मी पिशवी भरली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंडाने 'नाही' म्हणणं मला जमणार नव्हतं. तेव्हा ते आधीच करून ठेवायचं ठरवलं. रविवारपर्यंत त्या दारावर नवऱ्याचं नाव राहता कामा नये. मग ते कपाट परत न्यायचं म्हटलं तरी कुणाचं म्हणून नेतील?

सोमवारी बाबा आले. बाबा म्हणजे इस्लापूरच्या बाजूला राहणारे माझे वडील. स्वतःचं दोन एकर आणि बाकी दुसऱ्यांच्या रानात रोजाने काम, त्यात मुख्य काम फवारणीचं. कापसावर कीड पडली की आसपासच्या वाड्यांतून त्यांना बोलावणं यायचं. पाठीवर पंप घेऊन त्यांनी चाळीस वर्षं चालत काढली. गन बघितली आणि त्यांचे डोळे चमकले. "हा तर आपला पंपच हाय," म्हणाले. "लहान झालाय एवढंच."

तिथेच आम्ही फसलो.

गनसोबत तळाला भोक असलेला एक छोटा कप आला होता. रंग किती पातळ करायचा ते त्या कपाने मोजायचं असतं. बाबांनी तो उलटसुलट केला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि "फुटका दिलाय" म्हणून कठड्यावर ठेवून दिला. मग रंगाच्या डब्यात थिनर घालायला बसले. एका पंपाला दोन टोपणं औषध, हे प्रमाण त्यांच्या हाडात मुरलेलं. या डब्याला किती टोपणं, याचा त्यांनी मनात हिशेब केला आणि झाकणाने थिनर ओतत राहिले. मीही थांबवलं नाही. मला घाई होती. दार घासायचं असतं हे मला माहीत होतं, पण रंगाखाली सगळं झाकलं जाईल असं मी स्वतःला सांगितलं.

मंगळवारी उजाडताच गन सुरू केली. मिक्सरपेक्षा मोठा आवाज. बाबा मागे उभे राहून सांगत होते, "पान भिजलं पायजे बाई. वरून, खालून. ओघळ आला की समज लागलं." कापसाच्या बाबतीत ते खरंच असेल. मी ओघळ येईपर्यंत मारत राहिले. मोरपंखी रंगाच्या धारा दारावरून खाली निघाल्या, हँडलपाशी जमल्या, पुन्हा निघाल्या आणि फरशीवर टपटपू लागल्या. खालच्या घरमालकीणबाई जिन्यातून डोकावल्या, "काय गळून राहिलंय वो?" म्हणाल्या आणि उत्तर न ऐकताच परत गेल्या.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते तर रंग वाळला होता आणि अक्षरं वर आली होती. पेंटरने ती जाड रंगाने लिहिलेली. माझ्या रंगाच्या पातळ हाताखाली ती उठून दिसत होती, कडा चमकत होत्या. नवऱ्याचं नाव आधी लाल होतं, आता मोरपंखी झालं होतं आणि दुरूनसुद्धा वाचता येत होतं. मला रडू आलं. बाबांनी जवळ येऊन नखाने एक अक्षर खरवडून बघितलं. म्हणाले, "माझंच चुकलं. हे पीक न्हाई."

"तुमचं नाही, माझं चुकलं," मी म्हटलं. "घासायचा कंटाळा केला."

बुधवार आणि गुरुवार आम्ही घासलं. सकाळी ऑफिसआधी मी, दिवसभर बाबा, संध्याकाळी पुन्हा मी. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि रेटायचा. आधी मोरपंखी रंग गेला, मग अक्षरांचा लाल, मग खालचा तपकिरी, मग पत्रा. नवऱ्याच्या नावाची वेलांटी सगळ्यात चिवट निघाली. माझं नाव मी स्वतःच घासलं. ते जाताना काहीच वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तेवीस वर्षांची असताना मंडपात त्या नावाकडे मी किती वेळा चोरून पाहिलं होतं.

तिसऱ्या ओळीपाशी माझा हात थांबला. 'मामाकडून सप्रेम भेट'. मामांनी हे कपाट आईच्या वतीने दिलं होतं. दुकानात दार उघडून-मिटून बघताना, "तुझी माय असती तर आतून आरसा लावलेलंच घेतली असती," असं म्हणून त्यांनी आरशाचं घ्यायला लावलं होतं. त्या ओळीवरचा मोरपंखी तेवढा हलक्या हाताने काढून मी तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि पुढे गेले.

गुरुवारी संध्याकाळी बाबा कुलपाच्या भोकाजवळ घासत होते. मध्येच थांबले आणि तिथून बोट फिरवलं. भोकाभोवती पत्र्यात खोल ओरखडे होते, वीस-पंचवीस तरी, सगळ्या दिशांना गेलेले.

"हे काय हाय?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. पण दोन दिवस शेजारी बसून एकच दार घासल्यावर माणसाला खोटं बोलवत नाही. मी सांगितलं. पाच वर्षं या कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात होती. साडी हवी तर मागायची, औषधाला पैसे हवे तर मागायचे. माझी पदवीची कागदपत्रं आतल्या खणात होती. नोकरीच्या मुलाखतीला ती न्यायची होती आणि किल्ली मिळाली नाही. तेव्हा घरात कुणी नसताना मी स्क्रू ड्रायव्हरने कुलूप उचकटत बसले होते. दुपारभर. उघडलं नाही. मुलाखत गेली. महिनाभराने नवरा अंघोळीला गेला असताना त्याच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली, कागदपत्रं घेतली आणि बसस्टँड गाठलं. या कपाटाबरोबर किल्ली आलीच नव्हती. लातुरात नवीन करून घ्यावी लागली.

बाबा ऐकत होते. हातातला पॉलिश पेपर सुकून गेला. पोचे आणि ओरखडे बुजवायला मी पुट्टी आणून ठेवली होती. तो डबा त्यांनी उचलला आणि खोलीत नेऊन ठेवला.

"हे बुजवू नको," म्हणाले. "राहू दे."

शुक्रवारी मी आधी तो भोकाचा कप धुऊन घेतला. रंग भरायचा, उचलायचा आणि धार तुटेपर्यंत आकडे मोजायचे. गनसोबतच्या कागदावर लिहिलेला आकडा येईपर्यंत थिनर थेंबाथेंबाने घातलं. मग गादीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्यावर सराव केला. पहिल्यांदा जाड थेंब. दुसऱ्यांदा लांबून मारलं तर रंग हवेतच सुकला आणि हाताला वाळूसारखा लागला. गनचं तोंड तुंबलं, मी ते थिनरने धुतलं. पुन्हा तुंबलं, पुन्हा धुतलं. ऑफिसात फोन करून दोन तास उशिरा येते म्हणून सांगितलं. नोकरी लागल्यापासूनचा तो माझा पहिला उशीर.

बाबा बराच वेळ बघत होते. मग उठले, चिमटीतून धूळ सोडून वारा बघितला आणि मला दंडाला धरून कपाटाच्या दुसऱ्या अंगाला आणलं.

"वारं पाठीवर घे. अन् तू हात हलवून राहिलीस, माणूस चालला पायजे. मनगट मोडू नको. कडेच्या आधी सुरू कर, कड सुटल्यावर बंद कर. मधी थांबलीस की पीक जळतं, तसाच इथं बी डाग पडल."

यावेळी ते बरोबर होतं. टोपणं चुकली होती, पण चाल तीच होती. बाबा माझ्या मागून एक-एक पाऊल आडवे सरकत होते आणि त्यांच्या पावलाबरोबर माझं पाऊल. एक पट्टा, त्यावर अर्धा चढवून दुसरा पट्टा. दारावर रंग बसत गेला, इतका पातळ आणि सारखा की मला श्वास सोडायची भीती वाटली. ओघळ एकही नाही. शनिवारी सकाळी वारा सुटायच्या आत दुसरा हात दिला. दुपारी चिकटपट्टी ओढली. मोरपंखी दारावर तपकिरी पट्टी उरली आणि तिच्यात लाल अक्षरात मामांची एकच ओळ. बाकी दार कोरं.

कुलपाभोवतीचे ओरखडे मात्र रंगाखालून दिसत होते. या गनचा हात काही झाकत नाही, हे मी मंगळवारीच शिकले होते.

रविवारी मामा दहा वाजता एकटेच वर आले. ती दोन माणसं खाली हॉटेलात चहा पीत होती. "जयभीम भावजी," म्हणून त्यांनी बाबांना हात जोडले आणि वळले तर समोर कपाट. त्यांचा चेहरा उतरला.

"नको म्हणलं होतं ना मी."

"हाव," मी म्हटलं. एवढंच जमलं.

मामा जवळ गेले. स्वतःची ओळ वाचली. वर जिथे नावं होती तिथे तळवा फिरवला, गुळगुळीत लागलं. मग दार उघडायला हात खाली आला आणि बोटं कुलपाजवळ अडकली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून बघितलं.

"चोर शिरला होता का घरात?"

"नाही मामा. मीच होते."

मग मी सगळं सांगितलं. गुरुवारी बाबांना सांगताना आवाज कापला होता, यावेळी नाही कापला. मामा कपाटाला पाठ लावून उभे होते. माझं सांगून झालं तसे म्हणाले, "मला का सांगितलं न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही. फोन केला की तुम्ही एवढंच विचारायचात, परत कधी जातीस."

हे बोलून मीच घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांना असं काही बोलले होते. मामांनी खिशातून फोन काढला आणि कठड्यापाशी गेले. त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं. "चहा पिऊन निघा तुम्ही. न्हाई, वर येऊ नका. बैठक होत न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मामा म्हणाले, "माझ्या भाचीनं किल्ली करून घेतलीय."

ते परत आले तेव्हा मी मान खाली घालून उभी होते. घरमालकीणबाईंकडून मागून आणलेल्या चार खुर्च्या मी पहाटेच गच्चीवर समोरासमोर मांडल्या होत्या. मामांनी त्या एकेक उचलून एकात एक घातल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"ज्यांच्या हायत त्यांना देऊन ये," ते म्हणाले, आणि फरशीवरच, बाबांच्या शेजारी, मांडी घालून बसले. "अन् येताना माझ्यासाठी भाकर टाक. मी राहतो आज."