भुलाबाईपुढे मोडलेलं मौन

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. समोर कोणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवतच नाही. आणि असल्या पोरीला एका भजनमंडळाने मौन पाळायला लावलं होतं! त्यांच्या हिमतीची कमालच म्हणायची.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. बाबा कचेरीत कारकून. त्यांचे कागद आधी नागपूरला जायचे, ते आता भोपाळला जाऊ लागले, आणि बुधवारा पेठेतल्या आमच्यासारख्या मराठी घरांनी हिंदीची धास्तीच घेतली. त्यात हे मंडळ गावात आलं. शाळेच्या संमेलनात माझं गाणं ऐकून मंडळातली एक ताई घरी आली. बोलणं इतकं गोड की चहात साखर घालायलाच नको. पोरीचा आवाज ऐकून आमच्या मंडळाच्या महाराजांची तंद्री लागली, म्हणाली. बाबा खूश. पोरगी साहेबलोकांपुढे हिंदी भजनं म्हणणार, आणखी काय पाहिजे?

मीही हुरळले, का नाही हुरळणार? स्टेजवर पुढची जागा, महाराजांच्या हातचा पेढा, बाकी पोरी मागे. मग हळूहळू एकेक सुरू झालं. सिनेमाची गाणी नकोत. लग्नाबिग्नात गायचं नाही. कोणती पोरगी मंडळाबद्दल काय बोलते ते ताईच्या कानावर घालायचं. काही चुकलं की जागा दुसरीला, आणि वर कोणी आपल्याशी बोलायचं नाही. शेवटी काय, तर आवाज गुरूंचा आहे, घरी मौन पाळ, बाहेर गायलीस तर आवाज जाईल. मी जाम घाबरले. गाण्याशिवाय माझ्याकडे होतं तरी काय? घरात पाटीवर लिहून जेवायला मागायची मी. आईला ते बघवत नसे. कोजागिरीला मंडळ मला कायमचं आश्रमात नेणार होतं, आणि बाबा हो म्हणण्याच्या बेतात होते.

आमच्या भागात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मातीची भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमून गाणी म्हणतात, आणि मग घरच्या बाईने डब्यात झाकून ठेवलेली खिरापत ओळखतात. ओळखली नाही तर डबा उघडत नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशी आईने मुद्दाम आमच्याकडे सगळ्यांना बोलावलं. मी कोपऱ्यात ओठ मिटून बसले. गाणी झाली. पोरींनी डबा कानाशी धरून हलवला, तर आत काही वाजेना.

शिरा, म्हणाली एक. दराबा, म्हणाली दुसरी. मग मावा जिलबी, पुरणपोळी, थालीपीठ. आई आपली नुसती मान हलवतेय. मला डबा बाहेर आणल्याबरोबर वास आला होता. निंबोल्याच्या मामीने पाठवलेली सुकेळी, माझा जीव की प्राण. पण केळ्यांच्या गावात केळं कोणाच्या डोक्यात येणार? आमच्याकडे केळं पाहुण्यापुढे ठेवलं तर पाहुणा रुसायचा. पोरींची अक्कल संपत आली. एकीने भोपळा म्हटलं. भोपळा! माझं डोकं फिरलं.

"अगं बायांनो, केळं! सुकवलेलं केळं!"

मग जो काही हशा उठला! आई हसता हसता मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी गळ्याला हात लावून बघितला. आवाज होता की जागेवर! मग काय विचारता, भुलाबाईची होती नव्हती ती सगळी गाणी मी म्हटली, काही तर दोनदोनदा. इतका आनंद मला त्या स्टेजवर कधी झाला नव्हता.

ही बातमी मंडळापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी दुपारी ताई टांगा घेऊन दारात. मला न्यायलाच आली होती. माझा "या" ऐकून तिने मान हलवली. बघ, आत्ताच घोगरा झालाय, म्हणाली, दिवाळीपर्यंत राहणार नाही. रात्रभर ओरडल्यावर आवाज बसणारच, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मला तिचं खरं वाटलं. आई ताईच्या हातावर खिरापत ठेवत होती. मी आईलाच विचारलं, आवाज खरंच गेला तर?

"गेला तर गेला व माय," आई म्हणाली. "मले तू पाहिजे. गाण्यासाठी थोडीच जन्म दिला तुले."

बाबा इतका वेळ जमिनीकडे बघत उभे होते. ते चपला घालून बाहेर गेले आणि टांगेवाल्याला म्हणाले, बाईंना पोचवून ये, आमची पोरगी येत नाही.

त्या संध्याकाळी मी पुन्हा भुलाबाईपुढे बसले. एकही सूर धड लागत नव्हता, आणि आई सगळ्यांत मोठ्याने साथ देत होती.