चौथी हाक

फौजेतून परत आलेल्या माणसाकडे सामान थोडं असतं आणि किस्से फार. काळी ट्रंक माळ्यावर जाते, गणवेश नातवंडांच्या गॅदरिंगला जातो, पण किस्से कुठे ठेवायचे? आमचे आम्ही गावातल्या एसटी थांब्याजवळ, मारुतीच्या चहाच्या टपरीवर ठेवलेत. सकाळची पारनेरची गाडी गेली की आम्ही चौघं बाकावर येऊन बसतो. रावसाहेब, शेळके, दत्तू आणि मी. चौघं एकाच गावचे, आणि काही वर्षं काश्मीरमध्ये एकाच कंपनीत होतो. मी कंपनीचा क्लार्क, म्हणून हे मला अजून ‘बाबू’ म्हणतात. मी गोळी झाडली ती फक्त सरावाच्या रेंजवर. बाकी सगळी नोकरी टाइपरायटरवर केली.

*

तिथे प्रत्येकाच्या खिशात एक छापील कार्ड असायचं. काय करायचं आणि काय नाही करायचं. तीन हाका दिल्याशिवाय गोळी नाही. घरात शिरताना घरमालक सोबत पाहिजे. बळ लागेल तेवढंच, त्याहून कणभर जास्त नाही. हजेरीला ते तोंडपाठ म्हणून दाखवावं लागे.

शेळकेचं आणि पाठांतराचं शाळेपासूनच वाकडं. एकदा नवीन कॅप्टनसाहेबांनी नेमकं त्यालाच उभं केलं आणि विचारलं, “कम से कम बल, मतलब कितना?”

शेळके सावधान होऊन म्हणाला, “साब, जितना ससुराल में रोटी तोड़ने में लगाते हैं, उतना.”

सगळी कंपनी खाली मान घालून हसली. साहेब हसले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीला लेक्चर देताना त्यांनी तेच वाक्य वापरलं, आणि शेळकेचं नाव काही घेतलं नाही. त्याला त्याचा राग अजून आहे.

*

नियम असा अंगात मुरतो की पेन्शनीत जात नाही.

शेळके रिटायर होऊन आला त्या वर्षी त्याच्या भुईमुगात रानडुकरं शिरू लागली. दिवेलागणीला हा फटाके घेऊन बांधावर बसायचा. एके दिवशी कडेला खसफस झाली. बायको म्हणाली, “अवो, लावा की फटाका.” हा ताठ उभा राहिला आणि ओरडला, “थम! कौन आता है?”

एकदा ओरडला, दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडून होईपर्यंत डुकरं दोन वाफे उकरून पलीकडच्या रानात गेली होती.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “नाव सांगून गेली का?”

*

पण याच शेळकेचा एक किस्सा आहे, तो सांगताना कुणी हसत नाही.

ओढ्याकाठच्या चौकीवर तो पहाऱ्याला होता. समोरून घोंगडीसारखं काही अंगावर घेतलेला एक म्हातारा सरळ चालत आला. शेळकेनं पहिली हाक दिली. म्हातारा थांबला नाही. दुसरी दिली, तिसरी दिली. आता कार्डाप्रमाणे गोळी चालवायला मोकळीक होती. शेळकेनं रायफल खांद्याला लावली. तेवढ्यात मागून एक शेळी धावत आली आणि म्हाताऱ्याच्या पायात घुटमळली. तो तिला उचलायला वाकला, मान वर केली, तेव्हा त्याला पहिल्यांदा रायफल दिसली.

म्हातारा ठार बहिरा होता. त्यानं आधी हात वर केले. ओळख पटल्यावर जाताना त्यानं शेळकेच्या हातावर दोन अक्रोड ठेवले.

शेळके त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, “बाबू, तीन हाका लिवल्यात. पन ज्याला ऐकूच येत न्हाई, त्याचं काय करायचं ते कार्डावर कुठंच न्हाई.”

मी क्लार्क माणूस. माझ्याकडे सगळी परिपत्रकं होती. त्यातही ते नव्हतं.

*

आता दत्तू. दत्तू म्हणजे मुलखाचा मुखदुर्बळ माणूस. आवाज इतका बारीक की टपरीवर तो स्वतः कधी चहा मागत नाही, त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी मागतं. बहुतेक रावसाहेबच, ज्याला दत्तू अजून फौजेतल्यासारखं ‘उस्ताद’ म्हणतो. रावसाहेबचा आवाज म्हणजे थांब्यावरून शाळेत ऐकू जाईल असा.

म्हाताऱ्याची गोष्ट घडून आठच दिवस झाले होते. त्याच चौकीवर दत्तू पहाऱ्याला, आणि रावसाहेब गार्ड कमांडर म्हणून मागच्या बंकरमध्ये. ऊन कलल्यावर एक माणूस मक्याच्या कडेनं पळत निघाला. तीन हाका झाल्या, तो थांबला नाही. दत्तूनं गोळी चालवायची, तर आणखी एक हाक गेली, चौथी. तेवढ्यात माणूस मक्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

चौकशीला दत्तू साहेबांपुढे उभा राहिला. मी शेजारी टाइप करायला. साहेबांनी विचारलं, “चौथी बार क्यों?”

दत्तू म्हणाला, “साब, लगा कि बहरा होगा.”

मी तेच टाइप केलं. दत्तूची बढतीची फीत वर्षभर लांबली. रावसाहेबच्या हवालदारकीचे कागद तेव्हा माझ्याच टेबलावर होते, ते पुढे गेले.

आणि दोनच दिवसांनी त्याच मक्यातून गोळ्या आल्या आणि रावसाहेबचा उजवा गुडघा गेला. गोळी झाडणारा तोच माणूस होता की दुसरा, हे कधीच कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही.

*

गावात आल्यावर ‘दत्तूची चौथी हाक’ हा आमचा कायमचा विनोद झाला. मारुतीनं तीन हाकांना चहा आणला नाही की शेळके म्हणायचा, “दत्तू, आता तू हाक मार.” सगळे हसायचे, दत्तूही हसायचा. रावसाहेब मात्र गुडघा चोळत कपात बघत राहायचा. आम्हाला वाटायचं, ज्याचा गुडघा गेला त्याला कशाला हसू येईल? खरं म्हणजे आम्ही तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण रोजच्या बैठकीत माणूस सैल सुटतो.

एका सव्वीस जानेवारीला शाळेनं आम्हाला बोलावलं. एका मुलीनं दत्तूला विचारलं, “काका, तुम्ही किती मारले?”

दत्तूनं माईक तोंडाजवळ ओढला. मग म्हणाला, “मारला न्हाई. एक सोडला.”

हेडमास्तरांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या.

*

गेल्या वर्षी नगरला रावसाहेबचा गुडघा बदलला. मी आणि दत्तू सोबत राहिलो होतो. दुपारी त्याला वॉर्डात आणलं तेव्हा तो अर्धवट गुंगीत होता. दत्तू उशाशी बसून ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसत होता.

एकदम रावसाहेब ओरडला, “थम!”

अख्खा वॉर्ड दचकला. नर्स पळत आली. तोच आवाज, थांब्यावरून शाळेत जाणारा. मग डोळे मिटूनच तो स्पष्ट बोलला, “साब, चौथी आवाज मेरी थी. दत्तू का घोडा आधा दबा था. मैं चिल्लाया, साब. दत्तू नहीं.”

नर्स म्हणाली, “गुंगीत बडबडतात असं,” आणि निघून गेली.

मी दत्तूकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्याच्यासोबत चहा पीत होतो. तो कागद माझ्या बोटांनी टाइप केला होता.

दत्तूनं रावसाहेबची चादर गळ्यापर्यंत नीट ओढली.

“बाबू,” तो म्हणाला, “तुज्या कागदावर काय हाय?”

“चारी हाका तू दिल्यास म्हणून आहे.”

“मंग ऱ्हाऊ दे तसंच. उस्ताद जागा झाला की माझ्यासाठी चहा मागंल.”