वर्षाचे गहू

गव्हाला एरंडेल चोळताना जो वास सुटतो तो कोणाला आवडत असेल असं मला वाटत नाही. जड, चिकट, बोटांच्या पेरांत ठाण मांडून बसणारा. साबणाने दोनदा हात धुतले तरी संध्याकाळच्या चहाच्या कपाला तो येतोच. आज सकाळपासून माझ्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तोच भरून राहिला आहे. निफाडकडचे गहू आलेत, नाशिकचं एप्रिलचं ऊन खाऊन निवलेत, आणि मी मांडी घालून, हातांना तेल माखून ते मुठीमुठीने घोळवते आहे. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी मघाशी दारात थबकली. "काकू, दहा मिनिटांत पीठ येतं हो घरी. कशाला एवढा घाट घालता?" तिने अगदी मायेने विचारलं. मी म्हटलं, येत असेल बाई. पुढचं सांगायला दुपार लागली असती, आणि तिला मीटिंग होती. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही घरात कधीकाळी पत्र्याची कोठी असेलच, आणि तिच्यात खांद्यापर्यंत हात घालून तुम्हीही कधी गहू काढले असतील.

हा वास माझ्या आत्याचा. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत सासर सोडून परत आली, ती आमच्या पंचवटीतल्या घरी. का आली हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात ती वर्षभर राहिली. त्या वर्षाची एकच गोष्ट तिने मला पुढे सांगितली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो शिवायला पैसे मागायचे म्हणून ती तीन दिवस घराबाहेरच पडली नाही. वडील काही कठोर नव्हते, मागितले असते तर हसत दिले असते. "ते हसणंच नको होतं मला," आत्या म्हणाली. त्यानंतर तिने अंबडच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायचं काम. सिडकोत एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं, आणि नव्या चपला स्वतःच्या पगारातून आणल्या.

तिथून पुढे तिची ख्याती झाली ती चिकट म्हणून. उष्ट्या हाताने कावळा न हाकणारी, असं आमच्याकडे लग्नाकार्यात तिच्या पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही म्हणत. ती ऐकून घ्यायची आणि जिलबी वाढून घ्यायची. खरं तर खाण्यापिण्यात तिने कधी हात आखडला नाही. तिच्याकडच्या वरणभातावर तूप असं असायचं की आमच्या घरी सणालाही नसायचं. तिने जे छाटलं ते दाखवण्यासाठीचं. पगार झाला की आधी पोस्टात जाऊन यायची, मग भाडं, आणि उरेल त्यात महिना. उरलं तर साठवू असं म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही, हे तिचं ठाम मत. दुखण्याखुपण्याचे पैसे वेगळे, त्यांना दिवाळीलाही हात लागायचा नाही. एखादी वस्तू डोळ्यांत भरली की ती महिनाभर थांबायची. महिन्याने आठवली तर घ्यायची, विसरली तर म्हणायची, बरं झालं, मला नव्हतीच हवी, दुकानदाराला हवी होती. बुधवारच्या बाजाराला ती गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी जायची ती दिवस कलताना, मळ्यातल्या बायांना घरी परतायची घाई असते तेव्हा. पण घासाघीस करायची नाही. त्या सांगतील तो कलत्या उन्हाचा भाव द्यायची आणि दोन्ही पिशव्या भरून आणायची. आणि हप्त्याने काहीही घ्यायचं नाही. हप्ता म्हणजे आपल्या नाकातली वेसण, ती म्हणायची, दोरी कोणाच्या हातात आहे ते कळतसुद्धा नाही.

आणि चैत्र सरता सरता वर्षाचे गहू. मी कॉलेजात होते, दर वर्षी ते दोन-तीन दिवस तिच्याकडे राहायला जायचे. निवडायचे, चाळायचे, गच्चीत वाळवायचे, एरंडेल चोळायचे, मधे मधे कडुलिंबाचा पाला घालत कोठीत भरायचे. मी कुरकुरायचे. ती म्हणायची, "भर मुकाट्याने. ज्याच्या कोठीत गहू असतात ना, त्याचा आवाज चढा राहतो." मला ते तेव्हा एखाद्या म्हणीसारखं वाटायचं, ऐकून सोडून देण्यासारखं.

इथे थोडं थांबून एक भांडण मला उरकून घ्यायचं आहे. हल्ली मोबाइल उघडला की कोणीतरी तरुण माणूस काटकसर शिकवत असतो. बाहेरचा चहा सोडा, एवढे वाचतील, एवढ्या वर्षांत एवढे होतील, मग बेटावर जाऊन पडा. मला त्या बेटाचा राग येतो. काटकसर कुठे जाऊन पडण्यासाठी नसते, जिथे आहोत तिथे उभं राहता यावं म्हणून असते. आणि ज्यांच्या हातात महिनाअखेरीस काही उरतच नाही त्यांना काटकसरीचे धडे देणाऱ्यांचा तर मला त्याहून राग येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळेच सांगतात. आत्या विचारायची, "अंथरूण कोणाचं आहे ते बघितलं का आधी?"

तर अशाच एका वर्षी जूनमध्ये तिच्या कारखान्यात एक कागद आला. कंपन्यांनाही पंचांग कळतं. शाळा उघडलेल्या, फिया भरलेल्या, वह्या-दप्तरं-रेनकोट घेऊन सगळ्यांचे खिसे झटकलेले, नेमका तोच महिना त्यांनी धरला. कागदावर असं होतं की आम्ही स्वखुशीने नोकरी सोडतो. त्याबद्दल एकरकमी पैसे मिळणार, आणि ज्यांना हवं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराकडून त्याच जागी, त्याच मशीनवर, कमी रोजावर यायचं. म्हणजे आज कायम असलेली बाई उद्या रोजंदारीवर, आणि परवा नको म्हटलं की घरी. आत्या तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली. दुसरीकडे कोणी तिला उभं केलं नसतं. सही केली असती तर एकरकमी पैसे दोन-चार वर्षांत झिजून गेले असते आणि ती पुन्हा भावाच्या दारात, तुटक्या चपलेसकट. हे तिला पक्कं कळत होतं, आणि म्हणून मलाही कळत होतं.

भराभर सह्या झाल्या. ज्यांच्या मोटरसायकलचे हप्ते चालू होते त्यांनी पहिल्या दोन दिवसांत केल्या. सही न करणाऱ्यांना गेटच्या आत घेणं बंद झालं आणि पगारही थांबला. वडील तिला समजवायला सिडकोत गेले तेव्हा मीही बरोबर होते. "ताई, सगळे घेतायत. एकरकमी हातात येतायत तर घे ना. पाथर्डी फाट्याला मी एक प्लॉट बघून ठेवलाय."

"प्लॉट कोणाच्या नावावर?"

"आपल्याच."

"आपल्या म्हणजे?"

वडिलांनी चहाचा घोट घेतला आणि चहात आलं छान पडलंय असं म्हणाले. आत्याने त्यांना आणखी अर्धा कप ओतला. "मी सही करणार नाही," ती म्हणाली, जणू साखर संपली आहे असं सांगावं इतक्या साध्या आवाजात. परत आलो ते वडिलांच्या स्कूटरवर, आणि त्या स्कूटरचाही हप्ता चालू होता.

रोज सकाळी ती डबा घेऊन कारखान्याच्या गेटपाशी जायची, बाहेरच्या कडुलिंबाखाली बसायची आणि पाळी सुटली की घरी यायची. हीच कामावर आली नाही असं उद्या कोणी म्हणायला नको, एवढाच हिशेब. तिच्याबरोबर सुरुवातीला पुष्कळ जणी होत्या. श्रावण येईतो तिच्यासकट पाच उरल्या. सुपरवायझर येता-जाता हसून विचारायचा, "काय मावशी, किती दिवस?" आणि आत्या म्हणायची, "बघू या की."

एका रविवारी दुपारी त्या चौघी तिच्या खोलीवर आल्या. मी होते तिथे. त्यांच्यातली एक इगतपुरीकडची, उंच, हाडापेराने मजबूत. भिंतीला टेकून बसली आणि खाली बघून म्हणाली, "ताई, लय झालं आता. घरात पीठ नाय. दुकानदार उधार देईना. उद्या मी सही करून टाकते." बाकीच्या तिघी तिला अडवायला आलेल्या नव्हत्या हे दिसत होतं. एक गेली की चौघीही जाणार, आणि मग गेटपाशी आत्या एकटी. एका बाईला झाडाखालून उठवायला कंपनीला कितीसा वेळ लागतो?

आत्या उठली. मला म्हणाली, पिशव्या आण. मग तिने कोठीचं झाकण काढलं आणि तो वास खोलीभर पसरला. स्टीलचा डबा आत घालून ती गहू काढू लागली. प्रत्येक डबा काठोकाठ, तळहाताने सपाट केलेला, शीग नाही की उणा नाही. चिकटपणा हाताचा तो हाताचाच. चार पिशव्या भरल्या तेव्हा कोठीत ती कमरेतून वाकली होती आणि डबा तळाच्या पत्र्याला खरवडत होता. इगतपुरीच्या बाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ताई, एवढं पुण्य..."

"पुण्यबिण्य काही नाही," आत्याने तिला तोडलं. "दान करायला मी कोणी शेठाणी नाही. तू सही केलीस तर मी एकटी पडते. ते मला परवडत नाही. म्हणून देते. दळून आण आणि उद्या वेळेवर गेटला ये."

ज्या बाईने कधी शेजारी चमचाभर साखर उसनी दिली नव्हती, तिने आपलं वर्ष त्या दुपारी चार पिशव्यांत वाटून टाकलं. मला तेव्हा रडू आलं होतं. आजही येतं, आणि आजही त्यात दुःखापेक्षा ताठा जास्त असतो. त्यानंतर ती स्वतः बाजरीची भाकरी आणि बाजारातली उतरत्या भावाची मेथी खात राहिली. एरवी बाजरी ती थंडीतच खायची. उष्ण पडते म्हणायची, आणि तरी खायची.

त्या चौघींपैकी एकीने पुढे सही केलीच. गहू घेऊन गेली होती, तरी केली. मी संतापले. आत्या नाही. "तिच्या घरात भाकरीचा प्रश्न नव्हता, बँकेच्या हप्त्याचा होता. त्याला माझी कोठी कुठून पुरणार?" ती म्हणाली, आणि ती बाई रस्त्यात भेटली की थांबून तिच्या मुलांची चौकशी करत राहिली.

नवरात्र उठता उठता कंपनीचा निरोप आला. ज्यांनी सही केली नाही त्यांनी पूर्वीसारखं, पूर्वीच्या पगारावर, कायम म्हणून कामावर यावं. का आला हे मला माहीत नाही. कोणी म्हणालं वकिलाच्या नोटिशीने, कोणी म्हणालं मोठी ऑर्डर होती आणि ठेकेदाराची माणसं पुरेनात. अडलेला पगारही मिळाला, पण सगळा नाही. उरलेल्या तिघी आणि आत्या आत गेल्या आणि दुपारच्या सुट्टीत आत्याने त्यांना मिसळ खाऊ घातली. रस्सा फुकट मिळतो तेवढा घ्या, जादा पाव मात्र एकेकच, असं तिने हॉटेलात सगळ्यांसमोर बजावलं म्हणे.

ती तिथूनच निवृत्त झाली, पुढे स्वतःच्या पैशाने तीच खोली विकत घेतली, आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच गेली. दवाखान्याचं बिल तिच्या दुखण्याखुपण्याच्या पैशातून भागलं. वडिलांनी पाकीट काढलं होतं. तिने हातानेच नको म्हटलं, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

तिचा कारखाना आता नाही. त्या जागी घरपोच मालाचं एक गोदाम झालं आहे, आणि तिथून मोटरसायकलींवर पोरं सुसाट सुटतात, दहा मिनिटांत काहीबाही पोचवायला. त्यांच्यात कायम कोणीच नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी कागद ठेवत नाही. मी तिथून जाते तेव्हा मनात येतं, या पोरांना नाही म्हणायची वेळ आली तर त्यांच्यामागे कोण, किती दिवस उभं राहील? आत्यासुद्धा एकटीच्या जोरावर टिकली नव्हती, बरोबरच्या तिघींमुळे टिकली, हे मला उशिरा कळलं. तिच्या शेवटच्या वर्षात मी तिला एकदा विचारलं होतं, आत्या, इतकी वर्षं मन मारलंस, एवढं साठवलंस, आणि ते सगळं पणाला लावून शेवटी मिळालं काय? तीच खुर्ची, तेच मशीन, तोच पगार. ती म्हणाली, "हो, तीच. पण पहिली वीस वर्षं त्यांनी बसवलं तिथे बसले होते. नंतर मी बसले." आणि मला म्हणाली, उन्हं उतरलीत, बाजाराला निघ आता.