आधी बाप पळणार!

लातुरात क्लासेस वाढत गेले तसे आमच्याकडचे किस्सेही वाढत गेले. डॉक्टर-इंजिनियरचे क्लास शहरात, आणि पोलीस भरतीचं आमचं मैदान औसा रोडला. जुने भरतीवाले जमले की हे किस्से निघतात आणि सगळे पोट धरून हसतात. मला मात्र हल्ली हसू येत नाही.

मैदानाचे मालक आणि कोच एकच, गव्हाणे सर. मी त्यांचा शिट्टीवाला. लांब पळायचा दम रक्तातूनच येतो, असं सरांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं आणि नियमच काढला. ॲडमिशनला आधी बाप पळणार, मग पोरगं!

*

नायगावचे एक वडील धोतर खोचून पळाले आणि जुन्या पोरांनाही मागे टाकलं. सर जाम खूश! "आता सोडा पोराला!"

पोरगं दुसऱ्या फेरीलाच मांडी धरून खाली बसलं.

वडील सरांजवळ आले. "सर, मग माझं रक्त गेलं कुठं?"

पोरगं शेजारीच उभं होतं हो!

*

सत्तारभाई टेलर. आमच्या सगळ्या ट्रॅकपँट तेच शिवायचे. पोरीला घेऊन आले, पण पळायला तयार होईनात.

"सर, आमच्या पिढ्यान् पिढ्या मशीनवर बसून हायत. म्हणून काय पोरीनं बी बसूनच ऱ्हायचं?"

"मग बँकिंगचा क्लास बघा," सर म्हणाले. "तिथं बसायचंच असतं!"

आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. सत्तारभाई पोरीला घेऊन निघून गेले.

*

इस्लापूरच्या एका पोरासारखा दम मी पुन्हा पाहिला नाही. पण त्याचा बाप अर्ध्या फेरीतच खोकत खाली बसला. सरांनी मान हलवली, "आज पळतोय, उद्या बसेल."

पोरगं रडकुंडीला आलं. "सर, भरती बापाची हाय का माझी?"

आज तो शेजारच्या क्लासच्या गेटवर वॉचमन आहे. मला पाहिलं की कडक सॅल्यूट ठोकतो. मी दुसरीकडे बघतो.

*

"तू का नाही झालास पोलीस?" असं मला लोक विचारतात. माझाही बाप पळाला होता की! तो हरला, मी पळणं सोडलं. माझ्यात काही नव्हतंच, असं मला आजही वाटतं.

*

मग एका वर्षी सरांना कळलं की दम बापाकडून नाही, आईकडून येतो! झालं, आया पदर खोचून पळू लागल्या.

त्यात किल्लारीकडच्या एका खेड्यातून एक पोरगी काकासोबत आली. भूकंपात आई-बाप दोघंही गेले, तेव्हा ती पाळण्यात होती. काका म्हणाले, "इथं घेतलं न्हाई तर दिवाळीनंतर लगीन लावून टाकतो, सर. मला बी माझ्या पोरी हायत."

सर अडले. नियम म्हणजे नियम! पोरीलाच विचारू लागले, "आईचं काहीतरी माहीत असेल ना? पळायची का? दम होता का तिला?"

"होता की, सर," पोरगी म्हणाली. "भूकंपात आमच्या गल्लीत सगळ्यात आधी तीच भाईर आलती म्हणं. मग मी आत ऱ्हायले म्हणून परत पळत गेली."