मागला डावा पाय

मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत काम करते. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी दुसऱ्या जनावराच्या मज्जारज्जूतून काढून आम्ही त्या गिनीपिगला टोचतो. त्याचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच पुढं त्याच्या स्वतःच्या चेतापेशींवर तुटून पडतात. पाय लुळे पडत जातात. माणसांत असं कशानं होतं, हे कळावं म्हणून हा खटाटोप.

मागच्या वर्षी नळदुर्गजवळ गावी गेले होते. वडिलांची हयात मेंढरांमागं गेलेली. सकाळी चहा पिताना म्हणाले, "तू तिथं करतीस तरी काय?"

मी मोबाइलवर कालचं चित्रीकरण दाखवलं. पेशी टोचलेले सहा गिनीपिग ट्रेमध्ये फिरत होते. आमच्या नोंदीत सगळे अजून ठणठणीत होते.

वडिलांनी कप खाली ठेवला. "ह्यो पांढऱ्या कपाळाचा बिघडलाय."

"कुठं, आबा?"

"मागला डावा. वळताना उचलत न्हाय, घसटतोय."

मी तो तुकडा दहादा पाहिला. मला काहीच दिसेना. तरी प्रयोगशाळेतल्या सहकारिणीला कळवलं. ती हसली, पण नोंद केली तिनं.

मग मी त्यांना सगळं समजावलं; प्रतिपिंडं म्हणजे अंगातले राखणदार, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अंगातल्या त्या राखणदारास्नी कुणी सांगितलं, ह्या पेशी आपल्या न्हायत म्हणून?"

"आम्हीच, आबा."

"लई वंगाळ काम हाय." उठताना म्हणाले, "पण त्याबिगर कळायचं तरी कसं?" आणि काठी घेऊन मेंढरं सोडायला गेले.

त्यानंतर आठव्या दिवशी पांढऱ्या कपाळाच्या गिनीपिगचा डावा पाय, पायांची ताकद मोजणाऱ्या आमच्या यंत्रालाही अशक्त दिसला. पुढं त्याला भूल देऊन, न दुखवता मारलं. प्रतिपिंडांना चिकटणारा चमकता रंग लावून मज्जारज्जूचा काप मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अंधाऱ्या खोलीत त्या मोठाल्या पेशी हिरव्या उजळल्या. त्यांना चिकटलेली प्रतिपिंडं चमकत होती. डाव्या बाजूला पेशी विरळ झाल्या होत्या, उजवीकडं बऱ्याच शाबूत. केसाएवढ्या पातळ त्या कापातलं नुकसान एका मेंढपाळानं मोबाइलच्या पडद्यावर, चालीवरून ओळखलं होतं.

मी लगेच फोन लावला. ते रानात होते, मेंढरांचा आवाज येत होता.

"आबा, डावीकडंच जास्त गेल्यात पेशी. तुमचं खरं निघालं."

"व्हय का?" ते म्हणाले. "मग उजवा कसा वाचला गं?"

आमच्यापैकी कुणीच तो प्रश्न विचारला नव्हता. सध्या मी त्यावरच काम करते आहे.