पाण्यातली अन्नपूर्णा

तेव्हा माझ्या मनात देवीवरची श्रद्धा होती की नुसती भीती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सनीव्हेलमधल्या एका हॉटेलात मी खोल्या साफ करते. शाळा सातवीतच सुटली, इंग्रजी कामापुरतं. एका खोलीतला कचरा पिशवीत दाबताना कुणीतरी वापरून टाकलेली सुई बोटात घुसली. रक्त पुसलं, हात धुतले आणि गप्प राहिले. एचआयव्ही झालेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मी गावी पाहिलं होतं. आमचे हे ट्रक घेऊन लांब गेलेले. इथल्या मराठी मंडळातल्या शिकलेल्या बायकांना विचारायचा धीर होईना. मग आईने केलं असतं तेच केलं. लग्नात माहेराहून आणलेली पितळेची अन्नपूर्णा पातेल्यात पाण्यात ठेवली आणि म्हटलं, मी यातून सुटेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. संध्याकाळी रोसा कामावरून तशीच युनिफॉर्ममध्ये आली. ती मेक्सिकोची, माझ्याबरोबरच खोल्या करते. पातेल्यात डोकावून म्हणाली, "हिला पोहायला शिकवतेस का?" मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं.

"माझी मावशी नवरा मिळावा म्हणून संत अँथनीच्या मूर्तीला उलटं, डोक्यावर उभं करायची," ती म्हणाली. "पण पावडर लावून नाचायलाही जायची. चल, ऊठ. लागण होऊ नये म्हणून गोळ्या असतात. तीन दिवसांच्या आत सुरू करायच्या असतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं."

रोसाच्या चर्चच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी दवाखाना भरला होता. वाटेत रोसाने भावाचं सांगितलं. त्याला एचआयव्ही झाला होता; लाजेपायी तो दवाखान्यात उशिरा गेला आणि हाती लागला नाही. तेव्हापासून ती आणि तिच्या मैत्रिणी लॉन्ड्रीत, चर्चच्या दारात टेबल मांडून आपल्या माणसांना स्पॅनिशमध्ये हे समजावतात. मी त्यांच्यातली नव्हते, तरी मला कुणी परकं मानलं नाही. व्हिसा कुठला, इन्शुरन्स आहे का, कुणी विचारलं नाही. एका आजीने मक्याची गरम पेज हातात दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका कमी आहे, पण थांबायला नको." पहिली गोळी मी तिथेच घेतली.

महिनाभर गोळ्या चालल्या. पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, ह्यांनाही सांगितलं. पण देवीला मी रिपोर्टसाठी थांबवलं नाही. पहिली गोळी घेतली त्याच संध्याकाळी घरी येऊन तिला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि तांदळावर बसवलं. काय व्हायचं ते तुझ्या हाती, म्हटलं, आणि सुई लागल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले. अट घालून मी तिलाच अडवून ठेवलं होतं. ती मात्र हॉटेलचा युनिफॉर्म घालून माझ्या दारात येऊन गेली, असं मला वाटतं.

आता रविवारी मीही रोसाजवळ त्या टेबलाशी बसते. परवा तिने विचारलं, "तुझी देवी शिकली का पोहायला?"

म्हटलं, "तिला येतच होतं गं. बुडत मी होते."